कॉलिमेटर क्रमांक २ : कंबर कुठे ठेवायची?

कॉलिमेटर म्हणजे फायबरमधून पसरत येणारा प्रकाश भिंगाने जवळजवळ समांतर शलाकेत आणणारी नळी. मागच्या नोंदीत ‘पहिला कॉलिमेटर समांतर झाला’ असं लिहिलं होतं, ते दुरुस्त करतो. भिंगाजवळ ठिपका २.१ मिलिमीटर, पाच मीटरवर जवळजवळ तेवढाच, म्हणून मी खूश होतो. परवा सहज अडीच मीटरवर कार्ड धरलं, तर ठिपका दीड मिलिमीटर! शलाका मध्येच आवळत होती आणि पुढे पुन्हा फुलत होती.

मांडणी तीच आहे. ६३५ नॅनोमीटरचा लाल लेझर, ४.३ मायक्रॉन मोड फील्ड व्यासाचा (फायबरमध्ये प्रकाश जेवढ्या रुंदीत वाहतो तो व्यास) सिंगल मोड फायबर, म्हणजे एकाच वाटेने प्रकाश नेणारा काचेचा बारीक धागा, आणि ११ मिलिमीटर फोकल लेंग्थचं अ‍ॅस्फेरिक (पृष्ठभाग गोलाचा भाग नसलेलं) भिंग. गणित करून पाहिल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या जोडीत शलाकेची कंबर, म्हणजे ती सगळ्यात बारीक असते ती जागा, भिंगापासून फार तर २.६ मीटरवर नेता येते. पूर्ण समांतर असं काही नसतंच. कंबर कुठे हवी, ते आपण ठरवायचं. फायबरचं टोक नेमकं भिंगाच्या नाभीवर (फोकसवर) असेल तर कंबर भिंगापाशी राहते आणि ५.३ मीटरवर व्यास २.९ मिलिमीटर होतो. टोक नाभीच्या २३ मायक्रॉन मागे घेतलं की कंबर २.६ मीटरवर जाते आणि ५.३ मीटरवर व्यास पुन्हा २.१. मला दोन कॉलिमेटर समोरासमोर ठेवून एकातला प्रकाश दुसऱ्याच्या फायबरमध्ये शिरवायचा आहे, त्यासाठी कंबर दोघांच्या मधोमध पडायला हवी, म्हणजे मला हीच स्थिती हवी. नकळत तिथेच पोचलो होतो.

भिंग आट्यावर फिरवून पुढे-मागे सरकवतो. २३ मायक्रॉन म्हणजे अर्ध्या मिलिमीटर पिचच्या (एका फेऱ्यात तेवढं सरकवणाऱ्या) आट्यावर जेमतेम १७ अंश. बोट जरा जास्त फिरलं आणि ५० मायक्रॉन झाले, की आठ मीटरवरचा ठिपका ५.७ मिलिमीटरपर्यंत फुगतो. त्याहून जास्त त्रास दिला तो आट्यातल्या ढिलेपणाने. भिंग फिरवताना लांबच्या भिंतीवर ठिपका गोल गोल फिरायचा. भिंग १० मायक्रॉन बाजूला सरकलं तरी आठ मीटरवर ठिपका ७ मिलिमीटर हलतो. मागून स्प्रिंगचा दाब दिल्यावर ते फिरणं बरंच कमी झालं.

मापनासाठी आता डोळ्यांवर विसंबत नाही. शलाकेत ब्लेड आडवं सरकवतो, मागे फोटोडायोड. प्रकाश १६ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर जायला ब्लेड जेवढं सरकावं लागतं, तीच शलाकेची त्रिज्या. कार्डावरच्या ठिपक्याची कड प्रत्येकाला वेगळी दिसते, ब्लेडचं तसं नाही.

दुसऱ्या कॉलिमेटरला एपीसी (तिरकं कापलेल्या) टोकाची पॅचकॉर्ड, म्हणजे कनेक्टर लावलेली फायबरची दोरी, लावली, आणि शलाका नळीच्या मध्यातून न येता पाऊण मिलिमीटर बाजूने येऊ लागली. कनेक्टर फिरवला की तीही नळीच्या अक्षाभोवती फिरायची. आधी भिंग तिरकं बसलंय असं वाटलं, पण कारण टोकाच्या ८ अंशांच्या तिरक्या कापात होतं. काचेतून हवेत येताना प्रकाश सुमारे ३.७ अंश वळतो. ११ मिलिमीटर अंतरावर त्याचेच ०.७ मिलिमीटर होतात. आता होल्डर तेवढाच कलता करतोय. सपाट टोक वापरलं असतं तर हे टळलं असतं, पण परत लेझरमध्ये जाणारं परावर्तन मला नको आहे.

चिकटवायचं काम अजून बाकी आहे. यूव्ही गोंद (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा) सुकताना आकसतो, म्हणून भिंगाच्या कडेला १२० अंशांवर तीन सारखे थेंब देणार आहे, म्हणजे बाजूची ओढ एकमेकांना तोलेल. त्यानंतर ब्लेडचे आकडे टाकतो.