सिटी व्हीटेकची नोंदवही: फिल्टर मागे बसवला, मग उचलून पुढे आणला

मागच्या नोंदीत माझ्या होंडा सिटीच्या टाकीतला, इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप बदलून थांबलो होतो. तासाला २५५ लिटर देणारा वॉलब्रो कंपनीचा पंप बसला आणि चालूही झाला. त्यानंतर दोन महिने गेले ते एकाच प्रश्नात: पेट्रोल गाळणारा फिल्टर कुठे लावायचा? प्रश्न दिसतो लहान, पण चुकीचं उत्तर मी आधी स्वतः करून पाहिलं आहे. ते तुमच्या कामी यावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी २००२ ची, १.५ व्हीटेक, कागदावर १०६ घोडे. माझ्याकडे येण्याआधी चार वर्षं इंदूरला रामबागेत मामाच्या अंगणात चिंचेखाली उभी होती. टाकी उतरवली तेव्हा तळाला तांबूस पीठ निघालं. ते धुतलं, वाळवलं, पण बावीस-तेवीस वर्षांच्या टाकीचा भरवसा किती धरायचा? त्यात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुना चिकटलेला मळ सोडवून पुढे ढकलतं. पुढच्या हिवाळ्यात छोटा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा) चढवायचा बेत आहे, तेव्हा इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत स्वच्छ पेट्रोल जाणं ही चैन नाही.

जाता जाता एक सांगतो. तुमची गाडी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असेल तर कंपनीचा नवा फिल्टर आणून जुन्या जागी लावा आणि ही नोंद इथेच सोडा. मला मोठा का हवा, त्याचा हिशेब असा. १०६ घोड्यांचं इंजिन पूर्ण पेडलवर तासाला साधारण ३२ लिटर पितं. टर्बोनंतर १६० धरले तरी ६० लिटरच्या आसपास. पण ही रिटर्न लाइनची गाडी आहे. दाब ठरवणारा रेग्युलेटर रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या, टोकाला बसतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवतो. म्हणजे इंजिनाला कितीही लागो, पंप जेवढं ढकलतो तेवढं सगळं आधी फिल्टरमधून जातं. आयडलवर गाडी उभी असली तरी तेच पेट्रोल गोल गोल फिरत राहतं. फिल्टर निवडायचा तो पंप बघून, घोडे बघून नाही.

म्हणून घेतला तो ॲल्युमिनियमच्या नळकांड्याचा, आत १० मायक्रॉनचा ग्लास फायबर, दोन्हीकडे एएन-६ मापाचे जोड. (केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज येईल.) टाकीत पंपाच्या तोंडाशी जाळीची पिशवी आहेच, ती जाड कचरा अडवते. पंपाच्या आधी कधीही १० मायक्रॉन लावू नका. पंपाला ढकलता येतं, ओढता येत नाही. मागून अडवलं की पेट्रोलचे बुडबुडे होतात, पंप कोरडा ओरडतो आणि मरतो. ओढणाऱ्या बाजूला १०० मायक्रॉनची जाळी बास.

आता जागा. डिक्कीचा विचार दहा मिनिटं टिकला. जोड पाझरला तर वास आणि वाफ थेट माणसांत. रॅलीच्या गाड्यांतही केबिनमधून जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपला मधे जोड चालत नाही, फक्त पुढच्या आणि मागच्या भिंतीपाशी चालतो, ते उगीच नाही. उरल्या दोन जागा. एक, फ्लोअरखाली टाकीच्या पुढे. दुसरी, बोनेटमध्ये फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत), जिथे मूळ फिल्टर होता.

आमचे मेकॅनिक उस्ताद मागच्या बाजूचे. "भिया, आगे गरम होता है, पीछे ठंडे में लगाओ." मलाही पटलं, कारण महिना मे होता आणि इंदूर ४२ वर. खात्रीसाठी बायपासवर अर्धा तास गाडी हाकली, मग दोन्ही जागांचं तापमान इन्फ्रारेड बंदुकीने घेतलं. चकचकीत धातूवर ती बंदूक खोटं बोलते, म्हणून आधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरला. पुढे ५८ अंश, मागे ४६. झालं, मागची जागा पक्की.

पिटवर घेऊन लोखंडी पाइप कापला. व्हर्नियरवर आठ मिमी भरला. आठ मिमीवरून एएन-६ करणारे कॉम्प्रेशन अडॅप्टर सांवेर रोडला हायड्रॉलिक होजवाल्याकडे मिळाले. त्याला 'एएन' म्हणून काही कळेना, 'जेआयसी' (हायड्रॉलिकवाल्यांचा तसाच जोड) म्हटल्यावर लगेच खोकं काढलं. दोघांच्या तोंडाचा कोन ३७ अंशच आणि या मापाला आटेही तेच, ९/१६-१८. एएनची घडण जास्त काटेकोर असते, पण तीन बारच्या पेट्रोलला जेआयसी पुरून उरतं. होज मात्र त्याच्याकडून घेऊ नका. हायड्रॉलिकचं रबर तेलासाठी असतं, इथेनॉलच्या पेट्रोलसाठी नाही.

मूळ फिल्टर मी काढून टाकला. बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, पेट्रोल जाऊ देणारा) गंजलेला, फिल्टर कोण जाणे किती जुना, आणि डोक्यात एकच: नवा लावलाय ना, दोन कशाला? त्या मोकळ्या जागेत इंजेक्शनच्या दर्जाच्या रबरी होजचा दीड वीत तुकडा टाकून पाइप रेलला जोडला. होज कापली हॅकसॉने. हे वाक्य लक्षात ठेवा.

गाडी फर्स्ट क्लास चालली. चार आठवडे.

जूनच्या शेवटी पहिल्या पावसानंतर पहाटे तिघे जण घाटमाथ्यावरच्या जाम गेटला निघालो. महूच्या पुढे चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या वर गाडी मिसिंग करायला लागली. खाली ठीक, वर अडखळायची. मित्र म्हणाला कॉइल, मी म्हणालो प्लग, तिसरा भजी खात होता. घरी येऊन प्लग बदलले, वायर बदलल्या, काही फरक नाही. गेज लावून दाब पाहिला. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून २.९ बार, अगदी बरोबर. त्यामुळे आणखी एक आठवडा पेट्रोलवर संशयच गेला नाही.

शेवटी इंजेक्टर काढले. प्रत्येकाच्या तोंडात बोटाच्या नखापेक्षा लहान जाळीची टोपी असते. चौघांपैकी दोन टोप्यांत काळा भुगा आणि तांबडी धूळ गच्च. काळा भुगा म्हणजे माझ्या हॅकसॉचं रबर. तांबडी धूळ म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पाइपाचा आतला गंज. तो तीनेक मीटरचा पाइप मी फिल्टरच्या पुढे सोडून दिला होता! टाकी धुतली, पंप बदलला, १० मायक्रॉनचा पहारेकरी बसवला, आणि घाण त्या पहारेकऱ्याच्या पाठीमागेच राहत होती. रेलवरचा दाब बरोबर येत होता, कारण अडथळा रेलच्याही पुढे, इंजेक्टरच्या तोंडात होता. गेज तिथपर्यंत बघूच शकत नाही.

आता परत ५८ विरुद्ध ४६. घरी शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, मी चुकीचीच गोष्ट मोजली होती. उष्णतेची भीती ओढणाऱ्या बाजूला खरी, तिथे दाब कमी असतो आणि पेट्रोल लगेच उकळतं. पंपाच्या पुढे तीन बारखाली दाबलेलं पेट्रोल ५८ अंशांना उकळत नाही. बरं, फिल्टर लाइनमध्ये मागे लावा की पुढे, तो दाब सारखाच खातो. मग पाहायचं काय उरतं? त्याच्यापुढे किती जुनं सामान आहे, तो पाझरला तर पेट्रोल कशावर पडेल, आणि बदलायला हात जातो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या गाडीत सोपं आहे. एक्झॉस्ट पुढे रेडिएटरकडे, इनटेक मागे फायरवॉलकडे. टर्बोही पुढेच येणार. म्हणजे फायरवॉल ही त्यातल्या त्यात थंड बाजू. फक्त इंजिनाच्या बरोबर मागे नको, कारण समोरून ठोकर बसली तर इंजिन मागे सरकून त्याला चेपेल. म्हणून मूळ जागेपेक्षा थोडा बाजूला आणि वर घेतला. ज्यांच्या इंजिनात एक्झॉस्ट फायरवॉलकडे आहे त्यांनी माझी नक्कल करू नये. तुम्ही लाइन गाडीखाली संपता संपता, बोनेटमध्ये शिरायच्या आधी जागा शोधा आणि तिथून पुढे सगळं नवं ओढा.

काम सुरू करण्याआधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, सिलिंडर हाताशी ठेवला (विझवणारा, घरगुती नव्हे). तरी पहिल्या नटाला कपभर पेट्रोल चिंधीवर आलंच. आई आतून ओरडली, "अरे, देवघरापर्यंत वास येतोय. आज दिवा लावू का नको?" दिवा संध्याकाळपर्यंत लांबला.

तीन मिमी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा ब्रॅकेट सियागंजातून पट्टी आणून घरीच वाकवला. फिल्टर रबर लावलेल्या क्लॅम्पमध्ये बसतो, थरथर कमी होते. पण त्या रबरामुळे नळकांडं बॉडीपासून तुटतं. बारीक माध्यमातून जोरात वाहणारं पेट्रोल स्थिर वीज साठवतं, म्हणून नळकांड्यापासून बॉडीला एक अर्थिंगची वायर दिली. बरेच जण हे सोडतात. दहा रुपयांची वायर आहे.

रबर पूर्ण बाद. फिल्टरपासून रेलपर्यंत पीटीएफईची (टेफ्लॉनची) स्टीलच्या विणीची होज, टेप गुंडाळून कटिंग डिस्कने कापली, मग हवेने फुंकली, पेट्रोलने धुतली आणि पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहिली. तिसऱ्या धुण्यात फडकं स्वच्छ निघालं. मागे कापलेल्या पाइपमध्ये फिल्टरऐवजी दोन टोकं जोडणारा साधा युनियन लावला. फिल्टरवरचा प्रवाहाच्या दिशेचा बाण दोनदा तपासला, कारण उलटा फिल्टर लावणाऱ्या एका सभ्य गृहस्थाला मी आरशात रोज भेटतो.

गेज आता दोन आहेत. रेलवरचं एकटं काही सांगत नाही. फिल्टर अर्धा भरला तरी रेग्युलेटर रेलचा दाब धरून ठेवतो, फक्त परत जाणारं पेट्रोल कमी होतं. म्हणून फिल्टरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून दुसरं बसवलं. नव्या फिल्टरवर आधी ३.०५, नंतर २.९. फरक ०.१५ बार. हा फरक ०.५ ला पोचला की फिल्टर उघडायचा, असं मी स्वतःपुरतं ठरवलं आहे.

इंजेक्टर साफ करून, टोप्या नव्या घालून परवा पुन्हा जाम गेट. तिसऱ्यात सहा हजारांपर्यंत सरळ रेषेत. परतताना महूला पोहे खाल्ले आणि बोनेट उघडून हात लावून पाहिला: फिल्टर गरम, पण बोट ठेवता येतं, सगळे जोड कोरडे.

सहाशे किलोमीटरनंतर कालच उघडला, फरक ०.२ वर आला होता म्हणून नव्हे, उत्सुकता आवरेना म्हणून. घड्यांत तांबडी धूळ आहे, चिमूटभर. गाडीखालचा तो पाइप दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण बदलणार, नवा आठ मिमीचा सांगून ठेवला आहे. आणि मागच्या ब्रॅकेटसाठी फ्लोअरला पाडलेली दोन भोकं अजून तशीच आहेत. सध्या रबरी बुचं लावलीत, चिखल आत येऊ नये म्हणून.