नॅण्ड आणि कार्ड, दोन्ही एकाच दिवशी

दिवाळीत ताई आणि भाचा ऐरोलीहून आमच्याकडे ठाण्याला राहायला आले होते, आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन माझ्या न्यू थ्रीडीएस एक्सएल या निन्टेन्डोच्या हातातल्या गेम मशीनची सिस्टम मेमरी फॉरमॅट करून टाकली. सात वर्षांचं पोर, त्याला वाटलं गेम पहिल्यापासून सुरू होईल. त्याला ओरडावंसं वाटलंच नाही, पण पोटात गोळा आला, कारण त्यातल्या एका गेममध्ये ताईने वसवलेलं गाव होतं. तिच्या लग्नाआधी आम्ही पाचपाखाडीच्या जुन्या घरात रात्री पाळीपाळीने खेळायचो, ती झाडं लावायची, मी मासे पकडायचो. ई-शॉपवरची, म्हणजे या मशीनच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली, ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये, पण त्याचं एवढं नाही, ते गाव परत कुठून आणणार.

माझ्याकडे बॅकअप होता. मशीनच्या मेमरी कार्डाची कॉपी महिनाभरापूर्वीची, लॅपटॉपवर. मी सरळ ती नव्या कार्डात टाकली (कार्ड आधी एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने पूर्ण तपासलं, डुप्लिकेट कार्ड वरून ओळखू येत नाही आणि डेटा गिळून बसतं) आणि मशीन चालू केलं तर एकही गेम नाही!

कारण असं की निन्टेन्डो थ्रीडीएस नावाच्या फोल्डरमधला डेटा मूव्हेबल डॉट सेड या फाइलमधल्या किल्लीने बंद केलेला असतो, आणि ही फाइल कार्डात नसते, नॅण्डमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्याच मेमरी चिपमध्ये असते. फॉरमॅट केलं की किल्ली बदलते. मग मशीन ३२ अक्षरी नावाचा नवीन फोल्डर बनवतं आणि जुन्याकडे बघतही नाही. म्हणजे कपाट घरात आहे पण कुलूपकिल्लीवाला घर सोडून गेला. नुसता कार्डाचा बॅकअप म्हणून पुरत नाही.

नॅण्डचा बॅकअपही होता, पण २०२२ चा, मशीन मॉड केलं, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम चालतील असं केलं तेव्हा घेतलेला. साधारण १.२ जीबीची एक बिन फाइल आणि बाजूला तिची शा फाइल, जिच्यात मूळ फाइलचा हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा असतो. आधी हॅश काढून ताडून बघितला, हे कधीही सोडू नका, अर्धवट कॉपी झालेली फाइल नॅण्डवर लिहिली तर मशीन चालूच होणार नाही असं होऊ शकतं. मग चार्जर लावला, स्टार्ट दाबून धरून मशीन चालू केलं, गॉडमोड९ या नॅण्ड आणि कार्डाच्या फाइली हाताळायच्या प्रोग्राममध्ये गेलो, ती बिन फाइल निवडली, नॅण्ड इमेज ऑप्शन्समध्ये जाऊन रिस्टोअर सिसनॅण्ड, आणि त्यातही सेफ लिहिलेलं आहे तेच, कारण ते बूट९स्ट्रॅपला, म्हणजे मॉड चालू करणाऱ्या भागाला हात लावत नाही. लिहायची परवानगी द्यायला ते बटणांचा एक क्रम दाबायला लावतं, तेव्हा माझा अंगठा थरथरत होता. आणि हो, मित्राच्या मशीनचा बॅकअप आपल्यात टाकायचा विचारसुद्धा करू नका, प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी असते.

मशीन परत चालू झालं आणि गेम दिसल्या. २०२२ नंतर टाकलेल्या दोन चालेनात, त्यांची तिकिटं, म्हणजे गेम चालवायचे परवाने, नॅण्डमध्ये असतात आणि जुन्या नॅण्डमध्ये ती कुठून येणार, त्या परत इन्स्टॉल केल्या.

पण गावाची गेम उघडली तर सेव्ह खराब आहे म्हणते. एवढं करून! काही गेम जुना सेव्ह परत टाकता येऊ नये म्हणून नॅण्डमध्ये एक आकडा ठेवतात आणि सेव्हशी जुळवून बघतात. माझा सेव्ह महिन्याभरापूर्वीचा, नॅण्ड २०२२ चा, मग जुळणार कसं. वाचवलं ते चेकपॉइंट या सेव्हचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामने. त्याने काढलेला सेव्ह कार्डात थ्रीडीएस फोल्डरमध्ये उघडा पडलेला असतो, कुलूप नाही, आणि परत टाकताना तो आकड्याची अडचणही सोडवतो. तो टाकला आणि गाव उघडलं. स्टेशनजवळचं फळाचं झाड पण होतं तिथेच.

त्याच संध्याकाळी नॅण्डचा नवा बॅकअप आणि कार्डाची पूर्ण कॉपी एका मागोमाग एक घेतली, एकाच फोल्डरमध्ये, नावात तारीख घालून. कार्ड काढायला मागच्या झाकणाचे दोन स्क्रू सोडवावे लागतात म्हणून आधी कंटाळा यायचा, आता छोटा स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्येच ठेवलाय. एक कॉपी माझ्या हार्डडिस्कवर आहे, दुसरी पेनड्राइव्हमध्ये ताईबरोबर ऐरोलीला पाठवली, आणि जाताना ती म्हणाली पुढच्या वेळी येईन तेव्हा नदीपलीकडे फुलं लावूया.