पांढऱ्या केसांसोबत लिपस्टिक कशाला?

“केस रंगवणे सोडून दिलेत ना, मग लिपस्टिक आणि काजळ कशाला लावता?” हा प्रश्न मला गेली काही वर्षे इतक्या जणींनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. विचारणाऱ्यांत माझ्या जाऊबाई आहेत, महाविद्यालयातल्या जुन्या सहकारी आहेत, माजी विद्यार्थिनी आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या, त्याआधी कधीही न भेटलेल्या स्त्रियाही आहेत. बहुतेकींच्या बोलण्यात खोच नसते. त्यांना खरोखरच कोडे पडलेले असते, कारण पांढरे केस ठेवणारी बाई साधी राहणारी असणार आणि ओठ रंगवणारी बाई केसही रंगवणारी असणार, अशी त्यांची समजूत असते आणि मी त्या दोन्हींत बसत नाही.

थोडक्यात उत्तर असे की मला केस रंगवण्याचा कंटाळा आला होता, नटण्याचा आला नव्हता. पण एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून दोन्ही गोष्टींबद्दल नीट सांगते.

केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करीनाशा झाल्या की त्या मुळातून पुढे येणारा केस रंगाविनाच वाढतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे रंगवल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच भांगात पांढरी रेघ दिसू लागते. आणि आमच्यासारख्या मधोमध भांग पाडून अंबाडा घालणाऱ्या बायकांच्या डोक्यावर ती नेमकी कपाळाच्या वर, समोरच्याची नजर सर्वांत आधी जाते तिथेच उमटते. अनेक वर्षे माझे महिने या रेघेने मोजले जात. बारसे, साखरपुडा, परीक्षक म्हणून बाहेरगावी जाणे, यांतले काहीही ठरले की पहिला विचार रेघेचा येई.

सुरुवातीला मी मेंदी लावत असे. रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी आणि आवळ्याची पूड भिजवून ठेवायची आणि रविवारची सकाळ डोक्याला जुनेर गुंडाळून काढायची. मेंदीतला लॉसोन हा घटक केसांतल्या केराटिनला घट्ट धरून बसतो आणि पांढऱ्या केसाला तांबूस-नारिंगी छटा देतो. मोजके केस पिकलेले असतात तोवर ती छटा शोभून दिसते. अर्धे डोके पिकले की सगळाच केशसंभार केशरी होतो. मग मी पार्लरमधल्या पक्क्या रंगाकडे वळले. त्यात अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ केसाचे बाहेरचे कवच सैल करतो, हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आत रंग तयार होतो, आणि गडद छटांसाठी बहुधा पॅरा-फिनिलीनडायअमाइन म्हणजे पीपीडी वापरलेले असते. पाकिटावर बारीक अक्षरांत इशारा असतो की आधी त्वचेवर चाचणी घ्यावी आणि हा रंग भुवयांना वा पापण्यांना लावू नये, त्यामुळे अंधत्व येऊ शकते. आपण तो वाचत नाही. माझ्या मोठ्या बहिणीने वर्षानुवर्षे कोणताही त्रास न होता रंग लावला आणि एके दिवशी टाळूला आग होऊन दुसऱ्या सकाळी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला सांगितले की पीपीडीची ॲलर्जी अशी उशिराही उद्भवते, एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही बहुतेक वेळा हेच रसायन असल्याने तीही आता वर्ज्य. मला स्वतःला असा त्रास झाला नाही. तरीही ताईचा तो चेहरा पाहिल्यावर दर महिन्याला टाळूला हे कशासाठी लावायचे, हा विचार मनात येऊ लागला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पार्लर बंद झाली. दुकाने थोडा वेळ उघडत तेव्हा रंगाचे पाकीट आणता आले असते, पण मी ते आणले नाही. त्यानंतरचा काळ सोपा नव्हता. डोक्याशी पांढरे, कानाखाली काळे आणि शेंड्यांना मेंदीचा जुना तांबूसपणा, अशा तीन रंगांत मी ऑनलाइन तास घेत होते, आणि स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिवसभर समोर होता. ओळखीचे लोक तब्येतीची चौकशी करत. पुढे मी केस खांद्यापर्यंत कापले तेव्हा कुठे ते एकसारखे दिसू लागले. लांब केस राखूनच हा बदल करायचा असेल तर दोन-अडीच वर्षे लागतात, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी आधीच सांगते, कारण बहुतेक जणी चौथ्या-पाचव्या महिन्यात धीर सोडतात.

केस पूर्ण पांढरे झाल्यावर मात्र माझ्या ध्यानात असे काही आले ज्याची मला कल्पना नव्हती. लोकांनी माझ्या केसांबरोबर आणखी बरेच काही गृहीत धरले होते. नेहमीच्या साडीच्या दुकानात मला न विचारता बदामी, मोतिया, राखाडी अशा फिकट साड्या समोर येऊ लागल्या. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यजमानीणबाईंचा हात कुंकवाच्या करंड्याशी थबकला आणि त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. मंगळसूत्र दिसल्यावर त्या मोकळ्या झाल्या आणि त्यांनी मला कुंकू लावले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण माझ्या पांढऱ्या केसांवरून त्यांनी पहिला अंदाज माझ्या नवऱ्याच्या असण्या-नसण्याचा बांधला होता.

त्या दिवसापासून मला आमच्या वाड्यातल्या दोन वृद्धा वारंवार आठवतात. दोघींचे केस सारखेच पांढरेशुभ्र होते. माझी आजी सवाष्ण होती. ती रोज सकाळी फणेरपेटी उघडून, तिच्या आरशात पाहून कपाळावर मेणाचे बोट लावी आणि त्यावर कुंकवाचा गोल रेखी. सणाला पांढऱ्या अंबाड्यावर अबोलीची वेणी माळी. या वयात हे कशाला, असे तिला कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. शेजारच्या आजी विधवा होत्या. त्यांचे पातळ फिकट, कपाळ मोकळे, आणि देवासाठी फुले त्या स्वतः गुंफत असल्या तरी त्यांतले एक फूलही त्यांनी कधी केसांत घातले नाही. दोघी एकाच वयाच्या होत्या. म्हणजे म्हाताऱ्या बाईने कसे दिसावे हे तिच्या वयावर नव्हे, तर तिचा नवरा जिवंत आहे की नाही यावर ठरत होते.

त्याच्याही आधीच्या पिढ्यांत ब्राह्मण आणि काही अन्य उच्चवर्णीय घरांतल्या विधवांचे केसच उरू दिले जात नसत. केशवपनाविरुद्ध महात्मा फुले आणि सावित्रीबाईंच्या सत्यशोधक चळवळीने आवाज उठवला, आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे जाहीर केले. तीन वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, बालविधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्या जोडप्याला मुरूड गावाने वाळीत टाकले. हे सगळे फार जुने झाले असे म्हणावे, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये करावा लागला, आणि त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे परिपत्रक काढले. त्या ठरावाचा मला मनापासून अभिमान वाटतो. एका गावाने उघडपणे म्हटले की बाईच्या कपाळावरचे कुंकू तिचे आहे.

म्हणून माझ्या लिपस्टिकचा प्रश्न मला केवळ आवडीनिवडीचा वाटत नाही. पांढरे केस आपल्याकडे चालतात, पण ते विरक्तीबरोबर आले तर. सुती साडी, साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी आणि पांढरे केस असलेल्या बाईला आपण आदराने नमस्कार करतो. मेधा पाटकरांचे विस्कटलेले रुपेरी केस पाहून कोणी त्यांना रंगाचे नाव सुचवत नाही, आणि तसे सुचवूही नये. त्यांच्या साधेपणामागे आयुष्यभराचे काम आहे आणि मला त्याबद्दल अपार आदर आहे. परंतु मी कोणतेही व्रत घेतलेले नाही. मी साहित्य शिकवणारी, गाण्याच्या मैफलींना जाणारी, रेशमी साड्यांची हौस असलेली बाई आहे. माझ्या केसांतला रंग संपला म्हणून या सगळ्यावर पाणी सोडावे, असे मला वाटत नाही. पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न उठतच नाही. मराठी वृत्तवाहिन्यांवर पिकल्या केसांचे पुरुष उत्तम शिवलेले कोट घालून रोज चर्चा करतात आणि त्या केसांमुळे त्यांचे मत अधिक वजनदार वाटते, तर त्याच वाहिन्यांवर पांढऱ्या केसांची निवेदिका मला तरी क्वचितच दिसते.

मी केस रंगवणे सोडले याचे कौतुक करून केस रंगवणाऱ्या बायकांना नावे ठेवणाऱ्यांचेही मला पटत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दर महिन्याला स्वस्तातली पुडी आणून केस काळे करतात. पांढरे केस दिसले की नवे घर मिळत नाही, “तुम्हाला झेपेल का?” असे विचारून लोक परत पाठवतात, असे त्यांनी मला एकदा सांगितले. ताईची हकिकत ऐकवल्यावर त्या आता कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहतात. एवढेच मी करू शकले. खासगी शिकवणीवर्गात वर्षा-वर्षाच्या करारावर शिकवणारी माझी मैत्रीणही रंगवते, कारण तिथे पालक शिक्षिकेचे वय पाहतात. मी पांढऱ्या केसांनी वर्गात उभी राहू शकले, कारण माझी नोकरी कायमची होती आणि निवृत्तिवेतन ठरलेले होते. “किती धाडस केलेत!” असे म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. ज्या बाईच्या पोटाशी तिच्या केसांचा रंग बांधलेला आहे तिला नैसर्गिक सौंदर्यावर व्याख्यान देणे मला अन्यायाचे वाटते. आणि निव्वळ आवड म्हणून, सत्तरीतही काळेभोर केस हवेत म्हणून जी रंगवते, तिनेही कोणाला कारण देण्याची गरज नाही. वैधव्यानंतर केस रंगवणाऱ्या माझ्या एका आतेबहिणीला “आता कोणासाठी?” असे विचारले गेले तेव्हा ती म्हणाली, “आधी तरी कोणासाठी रंगवत होते, हे तुम्हाला कुठे ठाऊक होते?”

आता लिपस्टिकविषयी. वय वाढते तशी ओठांची कड पुसट होते, भुवया विरळ होतात, आणि केस पांढरे झाले की चेहऱ्याभोवतीची गडद चौकट नाहीशी होऊन चेहरा पूर्वीपेक्षा फिका दिसतो. त्यामुळे मला पूर्वी न शोभणारे रंग आता शोभू लागले आहेत. राणी, मोरपंखी, गडद जांभळा या साड्या मी चाळिशीत कधी नेसले नव्हते. ओठांना मी डाळिंबी छटा लावते, आणि तीही मॅट नव्हे तर मऊ, कारण कोरडी लिपस्टिक ओठांच्या बारीक रेषांत साचते. रजोनिवृत्तीनंतर त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेव्हा पावडरही सुरकुत्यांत जाऊन बसते. ती मी बंद केली. गालांवर वांग आहेत, ते झाकत नाही, पण उन्हाने वाढू नयेत म्हणून बाहेर पडताना सनस्क्रीन न चुकता लावते. काजळ खाली उतरते म्हणून फक्त वरच्या पापणीच्या कडेला, आणि भुवयांसाठी काळ्याऐवजी राखाडी-तपकिरी पेन्सिल. या सगळ्याला फार वेळ लागत नाही, आणि सकाळचा तो वेळ मला फार आवडतो.

तरुण दिसण्यासाठी मी हे करत असते तर केसांपासून सुरुवात केली असती. मला माझ्या वयाची आणि नटलेली, अशी दोन्ही दिसायचे असते. पुढच्या हिवाळ्यात लेकीचे लग्न आहे आणि “फोटोंसाठी तरी या वेळी रंगव” असा आग्रह नणंदांनी सुरू केला आहे. लेकीला विचारले तर ती म्हणाली, तुला हवे ते कर, पण पैठणी माझ्या आवडीची नेस. पैठणी राणी रंगाची ठरली आहे. केस मी रंगवणार नाही. अंबाड्यावर अबोलीची वेणी माळणार आहे, आणि तशीच वेणी माझ्या आतेबहिणीसाठीही आणायला सांगितली आहे.