तुटलेल्या पायऱ्यांची वाट: अलंग, मदन, कुलंग

पायथ्याच्या आंबेवाडी गावातून दक्षिणेकडे पाहिले, की डावीकडून उजवीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग एका ओळीत दिसतात. तिघांचीही उंची 4800 फुटांच्या आसपास आहे. कळसूबाईच्या रांगेचे हे पश्चिमेकडचे टोक असून या भागात वस्ती, वाट आणि पाणी तिन्ही विरळ आहेत. माझा मित्र आणि मी वीस वर्षे सह्याद्रीत एकत्र हिंडत आलो आहोत, तरी ही डोंगरयात्रा आमच्याकडून राहून गेली होती. मित्र प्रस्तरारोहण रीतसर शिकलेला आहे आणि मी नाही, एवढेच त्याचे कारण होते. या जानेवारीपासून त्याने मला दोन महिने दर रविवारी दोराच्या गाठी आणि बिले देण्याचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याचा, सराव करायला लावला, आणि मगच आम्ही घोटीमार्गे आंबेवाडीत उतरलो.

गावातले एक अनुभवी वाटाडे, ज्यांना आम्ही तिन्ही दिवस मामा म्हणत होतो, आमच्याबरोबर निघाले. आमच्याकडे पन्नास मीटरचा दोर, तीन हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचे पट्टे, हेल्मेट, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कड्या आणि स्लिंग म्हणजे पट्ट्यांचे फास, शिवाय प्रत्येकी चार लिटर पाणी होते. मामांनी सर्वांत आधी पाण्याच्या बाटल्या मोजल्या आणि नंतरच दोर पाहिला. गडांवर टाकी भरपूर आहेत, पण खिंडीत आणि कड्यांच्या पायथ्याच्या आडव्या वाटेवर या दिवसांत थेंबही मिळत नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोलण्याची किंमत आम्हाला चांगलीच कळली.

अलंग आणि मदन यांच्यामधल्या खिंडीत पोहोचायला सुमारे चार तास लागले. वाट आधी दाट झाडीतून आणि मग वाळलेल्या कारवीतून चढते. खिंडीत उभे राहिले, की डाव्या हाताला अलंगचा आणि उजव्या हाताला मदनचा कडा असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा सगळा प्रदेश बनला. त्यातला कठीण थर सरळ कड्याच्या रूपाने उभा राहतो आणि मऊ थर झिजून त्याच्या पायथ्याशी अरुंद पदर तयार होतो, हे पुस्तकात कितीही वेळा वाचले असले तरी त्या पदरावरून पाठीवर ओझे घेऊन चालताना त्याचा अर्थ तळपायांना समजतो. पदराची रुंदी काही ठिकाणी जेमतेम दोन पावलांची आहे आणि पलीकडे दरी आहे. मित्र माझ्या मागे चालत होता, आणि एकदाही ‘जपून’ म्हणाला नाही. फक्त पुढचे पाऊल कुठे टाकायचे तेवढे तो सांगत होता. घाबरलेल्या माणसाशी नेमके असेच बोलायला हवे, असे मला मनापासून वाटते.

अलंगचा कातळटप्पा सत्तर-ऐंशी फुटांचा आहे. मामा अनवाणी पायांनी दोराचे टोक घेऊन चढले, वर कातळात ठोकलेल्या बोल्टांमध्ये त्यांनी दोर अडकवला, आणि त्यांच्या मागून मी चढलो. चढताना माझे सगळे लक्ष हाताच्या खोबणींकडे होते. वर पोहोचून श्वास घेतल्यावर मात्र मला दिसले, की ज्याला आपण कातळटप्पा म्हणतो तो मुळात कातळटप्पा नव्हताच. वर कातळात कोरलेल्या, जवळजवळ शिडीसारख्या उभ्या पायऱ्या होत्या, खालीही पायऱ्यांच्या खुणा होत्या, आणि मधला जिना तेवढा नाहीसा झालेला होता. 1818 साली मराठी राज्य बुडाल्यावर हे दुर्ग पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून इंग्रजांनी त्यांच्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. त्याआधी या जिन्यावरून पहारेकरी चढत, धान्याची पोती जात, सणासुदीला माणसे गावातून ये-जा करत असतील. जिथे आज हेल्मेट घालून आणि दोर बांधून जावे लागते, तो एकेकाळी नेहमीचा रस्ता होता. या विचाराने मला तेव्हा जे वाईट वाटले ते अजूनही ओसरलेले नाही.

पाठपिशव्या दोराने वर ओढून घ्यायच्या होत्या. कड्याची वरची धार, म्हणजे त्या तुटलेल्या पायरीचीच कड, चांगली धारदार होती, म्हणून दोराखाली जाड कॅनव्हासची पट्टी ठेवण्याचे काम मित्राने माझ्यावर सोपवले होते. पहिल्या दोन पिशव्या नीट वर आल्या. तिसरी अर्ध्या उंचीवर एका फुगवट्याखाली अडकली, आणि मामा व मी दोर बराच वेळ मागेपुढे ओढत राहिलो. त्या ओढाताणीत पट्टी बाजूला सरकली. ती सरकलेली मला दिसली होती. पिशवी एकदा वर येऊ दे, मग पाहू, असे मनाशी म्हणून मी ओढत राहिलो. पिशवी वर आली, पाठोपाठ मित्र वर आला, आणि पट्टीची गोष्ट माझ्या डोक्यातून पूर्णपणे निघून गेली.

अलंगचा माथा विस्तीर्ण पठारासारखा आहे. त्यावर राहण्याजोग्या गुहा, पाण्याच्या टाक्यांचा मोठा समूह आणि वाड्यांचे अवशेष आहेत. पूर्वेला कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर, दक्षिणेला रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा हा सुळका, खाली भंडारदऱ्याच्या जलाशयाचे पसरलेले पाणी, असा सगळा मुलूख संध्याकाळच्या उन्हात स्पष्ट दिसत होता. चूल कुठे मांडायची हे मामांनी ठरवले, कारण कड्यावर आग्या मोहोळ होते आणि धूर त्या दिशेला जाऊन चालणार नव्हते. टाक्याचे पाणी गाळून आणि उकळून आम्ही पिठलंभात केला. रात्री गुहेत मित्राने दोराची वेटोळी उशाला घेतली. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुहेरी दोरावरून रॅपलिंग करत आम्ही खिंडीत उतरलो, पिशव्या तिथेच ठेवल्या आणि मदनकडे वळलो. मदनच्याही पायऱ्या मध्येच संपतात आणि चाळीस-पन्नास फुटांची उघडी भिंत समोर येते. उंचीने ती अलंगच्या टप्प्यापेक्षा कमी असली तरी मला ती जास्त कठीण वाटली, कारण पाठीमागे काहीच नाही. तिथे वारा इतका होता, की पंधरा मीटरवरच्या माणसाचा आवाज पोहोचत नव्हता. आम्ही आधीच ठरवून ठेवले होते, की एक हिसका म्हणजे दोर सैल सोड, दोन म्हणजे ताण, आणि तीन म्हणजे मी सुरक्षित आहे. तीन हिसके आले तेव्हा वर मित्र आणि खाली मी एकाच दोराला बांधलेले होतो, आणि वीस वर्षांच्या मैत्रीत त्याच्याकडून आलेला इतका निःसंदिग्ध निरोप मला दुसरा आठवत नाही.

मदनच्या माथ्यावर आम्ही अर्धा तासच थांबलो. तिथली गुहा पाहिली, टाकी पाहिली आणि पश्चिमेला कुलंगची लांबलचक भिंत पाहिली. परत खिंडीत उतरून मदनच्या पोटाखालून कुलंगकडे जाणारी आडवी वाट धरली, आणि दोन महिने कातळटप्प्यांचीच धास्ती घेऊन बसण्यात मी किती चूक केली होती ते इथे समजले. कातळटप्पे मिनिटांत संपतात. ही वाट तासन्‌तास संपत नाही. घसारा, काटेरी झुडपे, कड्यावरून परावर्तित होणारे ऊन, आणि प्रत्येक वळणानंतर पुढचे वळण. दुपारी दोनपर्यंत माझ्याकडे अर्धा लिटर पाणी उरले होते. मामांनी स्वतःची बाटली न मागता पुढे केली. कुलंगचा चढ सह्याद्रीतल्या दुर्गांमध्ये सर्वांत दमछाक करणाऱ्या चढांपैकी एक मानला जातो, आणि आम्ही तो दिवसाच्या शेवटी, कोरड्या घशाने चढलो.

वर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. कुलंगवर टाक्यांची अख्खी रांग आहे, पण तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेली एक जागा मला त्याहून मोलाची वाटते. माथ्यावरच्या एका घळीत पावसाचे पाणी अडवण्यासाठी दगडी भिंत बांधलेली आहे आणि जादा पाणी बाहेर पडावे म्हणून तिला गोमुख ठेवलेले आहे. इतक्या उंचीवर, शत्रूचा विचार करणाऱ्या माणसांनी आधी तहानेचा विचार केला होता. मित्र त्या भिंतीपाशी बराच वेळ दगडांचे सांधे न्याहाळत बसला. ज्यांनी हे बांधले त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत, हे तो दोनदा म्हणाला.

कुलंगच्या पायऱ्या मोठ्या प्रमाणात शाबूत आहेत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दोराविना खाली आलो. मामांच्या घरी नागलीची भाकरी आणि ठेचा खाल्ल्यावर मित्राने अंगणात दोर पसरला आणि तो वितीवितीने चाचपू लागला. टोकापासून सुमारे 12 मीटरवर त्याची बोटे थांबली. वरचे वेष्टन विरून त्यातून पांढरा गाभा दिसत होता. गाभा तुटलेला नव्हता. पण मदनवर आम्ही तिघेही याच दोरावर लटकलो होतो.

मी त्याला अलंगवरची सगळी हकिकत सांगितली. पट्टी सरकलेली मला दिसली होती, हेही सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दिसलं होतं, तर रात्रीच सांगायचंस. मदन सोडून दिला असता आपण.” माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. मामांनी घरातून विळा आणून दिला. मित्राने विरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळून दोर तिथेच कापला, दोन्ही टोके मेणबत्तीवर धरून बंद केली आणि मोठ्या तुकड्याची वेटोळी नेहमीप्रमाणे स्वतःच्या पिशवीत भरली. 12 मीटरचा तुकडा त्याने माझ्या हातात दिला आणि रविवारी गाठींचा सराव याच्यावर करायचा, असे सांगून तो बूट घालायला बसला.