जुना सेट, नवा टोन

"काका, घरचे म्हणतात भंगारात घाल." लातूरचा पोरगा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, जुना टू-मीटर बँडचा वायरलेस सेट घेऊन आला होता. रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून लांबवर पोचवणारं स्टेशन, आवाजासोबत ठरावीक खालचा टोन आल्याशिवाय उघडत नाही आणि सेटमध्ये टोनच नाही, एवढंच दुखणं!

तो टोन तयार करणाऱ्या एन्कोडरचं नखाएवढं बोर्ड त्यानं माइकच्या तारेला जोडलेलं. पण पुढचं फिल्टर 300 हर्ट्झच्या खालचं बहुतेक कापून टाकतं, 88.5 हर्ट्झचा टोन जाणार कुठून? तार फिल्टरच्या पुढे, थेट मॉड्युलेटरपाशी (आवाज रेडिओलहरीवर चढतो तिथं) डकवली, बोर्डावरचा प्रीसेट, म्हणजे छोटा स्क्रू, फिरवून टोनचा जोर कमी केला. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबला, रिपीटर उघडला. पोराचा चेहरा बघायला हवा होता.

पण ते 'भंगार' मनातून जाईना. 1993 च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी रेडिओवरूनच निरोप पोचवले होते.

तुमच्या माळ्यावर आहे का असा सेट? बोर्ड मी बसवून देतो, हॅम लायसन्सवाल्या पोरांना देऊ.