तोळा म्हणजे किती ग्रॅम, हे एजंटला कोण सांगणार?

इंदूरच्या सराफ्यात कुणी पाच तोळ्यांच्या बांगड्या मागितल्या, तर आजच्या बोलीत तोळा म्हणजे १० ग्रॅम हे दोघांनाही न बोलता कळतं. जुन्या मापाचा तोळा मात्र ११.६६४ ग्रॅमचा. पाच तोळ्यांमागे ८.३२ ग्रॅमचा फरक, आणि तोही सोन्यात. आता त्या दुकानाच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरला एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः पायऱ्या ठरवून करणारा प्रोग्रॅम) जोडला आणि टूलच्या, म्हणजे एजंट हाक मारून वापरतो त्या सोयीच्या, वर्णनात नुसतं ‘वजन: संख्या’ असं लिहिलेलं असलं, तर एजंट ५ पाठवेल, ५० पाठवेल किंवा ५८.३२ पाठवेल. तिन्ही संख्याच आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअर तिन्ही मुकाट्यानं घेईल.

माणूस अडला की शेजारच्याला विचारतो. एजंटच्या हाती टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा एवढंच असतं. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूलं जोडण्याची एक समान पद्धत) वापरा की थेट एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधला दुवा) जोडा, यात फरक पडत नाही. लिहिलेलं नसेल ते एजंट अंदाजानं भरतो. म्हणून जुन्या मुनीमजींच्या डोक्यात जे असतं ते लिहून काढणं, हेच इथलं मुख्य काम आहे.

वर्णन तीन-चार वाक्यांचं पुरतं, पण ती वाक्यं नेमकी हवीत. ‘स्टॉकची माहिती देतं’ याचा काही उपयोग नाही. असं लिहा: ‘दुकानात आत्ता विक्रीला असलेला माल दाखवतं. विकलेला माल यात येत नाही, त्यासाठी बिल-शोध वापरा. दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकांचे दागिने यात धरलेले नाहीत.’ टूल कधी वापरू नये हे सांगणारं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि दोन सारखी टूलं शेजारी असली की एजंट तिथेच चुकतो.

इनपुटच्या प्रत्येक रकान्याला एकक, नमुना आणि मर्यादा द्या. ‘वजन, ग्रॅममध्ये, तीन दशांश स्थळांपर्यंत, उदाहरणार्थ ५०.०००. तोळ्यात सांगितलं असेल तर १ तोळा = १० ग्रॅम धरा.’ शुद्धतेचंही तेच. कुणी २२ कॅरेट म्हणतो, कुणी ९१६, कुणी ९१.६ टक्के. हा रकाना मोकळा ठेवू नका. आराखड्यातच चालणाऱ्या आकड्यांची यादी द्या आणि ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट, हेही लिहा. शहराच्या नावाला इथे आणखी एक पेच आहे. आपण घरात इंदूर म्हणतो, हिंदीत इंदौर लिहितात, आणि बिलावर बहुतेक वेळा रोमन लिपीतलं नाव असतं. शोध अक्षर-अक्षर जुळवून होत असेल, तर डेटाबेसमध्ये कोणतं रूप आहे ते सांगा. नाहीतर रिकामं उत्तर येईल आणि एजंट गिऱ्हाइकाला ‘इंदूरचा एकही व्यवहार नाही’ असं ठामपणे सांगेल.

तारखांवर थोडं थांबायला हवं. ०४-०५-२०२५ ही ४ मे की ५ एप्रिल? वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, हाच क्रम मागा. वेळ कुठली, तेही लिहा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर तो आपल्या साडेपाच तास मागे असतो. सराफ्यात दागिन्यांची दुकानं वाढवल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी भुट्ट्याचा कीस खपत असतो. अशा गाडीचं रात्री साडेबाराचं बिल यूटीसीत आदल्या तारखेला संध्याकाळी सातला पडतं. गाडीवाल्याच्या मनात ‘आजची विक्री’ म्हणजे ती सबंध रात्र. तेव्हा दिवस किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मोजला, हे वर्णनात हवंच.

बाहेर काय येतं, हेही लिहा. एका वेळी ५० नोंदी येत असतील आणि एकूण ३१२ असतील, तर उत्तरात एकूण आकडा आणि पुढच्या पानाची खूण दोन्ही द्या. नाहीतर एजंट पन्नासांचीच बेरीज करून मोकळा होतो.

माझ्या मते सर्वांत जास्त मेहनत चूक दाखवणाऱ्या संदेशांवर घ्यावी, कारण एजंट ते वाचूनच पुढचं पाऊल ठरवतो. ‘अवैध इनपुट’ दिसलं की तो तेच किंचित बदलून पुन्हा पाठवतो. त्याऐवजी: ‘शुद्धता २२ आली. चालणारे आकडे: ९१६, ७५०. २२ कॅरेटसाठी ९१६ पाठवा.’ दुसऱ्या खेपेला काम होतं. बिल बनवणाऱ्या टूलला मात्र वेगळा धोका आहे. उत्तर यायला उशीर झाला की एजंट पुन्हा हाक मारतो आणि एका खरेदीची दोन बिलं होतात. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक मागा, आणि ‘तोच क्रमांक पुन्हा आला तर नवं बिल न बनवता जुनंच परत मिळेल’ असं स्पष्ट लिहा. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल फक्त वाचतं की काही पुसतं, हे सांगणाऱ्या खुणा आहेत; त्या जरूर लावा, पण परवानगीची खरी तपासणी सर्व्हरवरच ठेवा.

कमांड लाइनचं (आज्ञा टाइप करून चालवायचं) टूल असेल तर ‘हो की नाही?’ विचारून थांबणारी पायरी आधी शोधा. एजंट तिथे अडकून पडतो. न विचारता पुढे जाणारा पर्याय आणि प्रत्यक्ष काही न बदलता काय होईल ते आधी दाखवणारा पर्याय, दोन्ही मदतीच्या मजकुरात पहिल्या काही ओळींतच लिहा. काम फसलं तरी शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’ अशी खूण, परत करणारी स्क्रिप्ट तर आधी दुरुस्तच करा.

तपासणीसाठी १५-२० खरीखुरी कामं दुकानदाराच्या भाषेतच लिहून काढा: ‘पाच तोळ्यांच्या आतल्या २२ कॅरेटच्या बांगड्या दाखव.’ कोड न दाखवता, फक्त वर्णनं देऊन एजंटकडून ती करून घ्या आणि त्यानं कोणत्या टूलला काय पाठवलं ते ओळीनं वाचा. स्टॉक-शोधाऐवजी बिल-शोध निवडला असेल, तर दोन्हींची वर्णनं बदला. मग सगळी कामं पुन्हा चालवा, नुसतं फसलेलं एकच नाही. एका टूलचं वाक्य बदललं की शेजारच्या टूलची निवडही हलते.