विदर्भाच्या उन्हात सायकल : घाम दिसत नाही म्हणजे येत नाही असं नाही

उन्हाळ्यातल्या सायकलिंगबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी लिहिलेलं असतं, आणि त्यात हमखास असतं की फार घाम यायला लागला की थांबा, पाणी प्या. आता मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात अकरा-बारा वाजता कुठल्याही रोडवर सायकल चालवून पाहा आणि सांगा घाम दिसतो का. नाही दिसत. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, फक्त ओठ सुकलेले आणि घरी आल्यावर शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग. ते डाग म्हणजे घामच, तासाला लिटरभर किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो, पण हवा इतकी कोरडी की कातडीवर आला की लगेच उडून जातो. दुपारची आर्द्रता कधीकधी 20 टक्क्यांच्याही खाली असते आमच्याकडे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की विदर्भात घाम पाहून अंदाज बांधू नका, इथं हिशोब दुसराच आहे.

ज्यांनी छागल पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. जाड कापडाची पाण्याची पिशवी, आधी जीपला, ट्रकला लटकवलेली असायची, सायकलच्या हँडललाही. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं थंड राहतं. आपलं अंगही तसंच थंड राहतं, फक्त आतलं पाणी संपत आलं की संपलं. आणि 44-45 डिग्रीत वारा काही थंड करत नाही, कातडी असते 35 च्या आसपास, म्हणजे समोरून येणारी झळ उलट अंगात उष्णता भरत असते, थंड करतो तो फक्त उडणारा घाम. वर हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतल्या लाकडी पेटीतलं, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवरचं. तुम्ही डांबरी रोडवर उन्हात आहात. नागपूरला 23 मे 2013 ला 47.9 नोंदलं होतं, तेही सावलीतलंच.

आमचे मोठेबाबा जन्मभर सायकलवर वावरात गेले. ते सांगायचे, "तहान लागाची वाट पाहू नको बाप्पा, निंघाच्या आधी गिलासभर पेऊन घे." मी तेच करतो, निघायच्या आधी पितो आणि रस्त्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, तहान असो नसो. पण नुसतं पाणी ढोसत राहणं पण चुकीचंच आहे हे लय लोकांना माहीत नसतं. घामातून मीठ जातं, आणि तासन् तास साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि बाकीचे म्हणतात अजून पाणी पाजा. म्हणून लांब जायचं असेल तर एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. मेडिकलमधलं ओआरएस घेतलं तर एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच टाका, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, अंबाडीचं शरबत हे सगळं चालतं, पन्ह्यात मीठ-जिरं विसरू नका बस. खिशातल्या कांद्याबद्दल मला विचाराल तर तो भाकरीसोबत खा, खिशात ठेवून काही होत नाही.

कपड्यांचंही तेच. बिनबाह्यांचे चकचकीत जर्सी घालून मे महिन्यात निघालेली पोरं पाहिली की मला काळजी वाटते. इथं अंग उघडं ठेवायचं नसतं, झाकायचं असतं. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, आणि पांढरा दुपट्टा ओला करून डोकं, कान, मान गुंडाळून वरून हेल्मेट. सुती कापड ओलं जास्त वेळ राहतं आणि कोरड्या हवेत तोच फायदा आहे. रस्त्यात हापशी दिसली की दुपट्टा पुन्हा ओला करायचा. वेळ म्हणाल तर पहाटे पाचला निघून साडेआठ-नवाच्या आत घरी. संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलंच असतं, खालून वाफ मारते, म्हणून मी सकाळच धरतो. आणि बाहेरगावाहून सुट्टीत आलेल्यांनी पहिल्याच दिवशी आमच्याबरोबर यायचा हट्ट करू नये, शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोवर थोडं-थोडंच.

झाडांबद्दल बोललंच पाहिजे. जुन्या रोडच्या दोन्ही बाजूला कडुनिंब आणि चिंचा होत्या, रुंदीकरणात गेल्या, आता सिमेंटचा रोड आहे आणि मैलोन् मैल सावली नाही. मोटारसायकलवाल्याला ते पाच मिनिटांत पार होतं, सायकलवाल्याला नाही. आणि आमच्याकडे सायकलवर सगळ्यात जास्त कोण असतं, तर शाळेच्या पोरी. मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या हे फार चांगलं झालं, पण एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि या पोरी दोन गावांच्या मधल्या उघड्या रस्त्यानं घरी येऊन राह्यल्या असतात. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात ते बरंच आहे, पण एप्रिलचं काय? माझं तर गावातल्या लोकांना सांगणं आहे की पाणपोई बसस्टँडवर ठेवता तशी एक त्या मधल्या रस्त्यावर, जे एखादं झाड उरलं असेल त्याखाली ठेवा, आणि माठ रोज धुऊन भरायची कोणाची पाळी हेही ठरवा.

कोणाला ऊन लागलंच तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चक्कर, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावली, आराम आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर तो उष्माघात समजायचा, मग अंगाला घाम असला तरी, कारण मेहनत करताना झालेल्या उष्माघातात अंग कोरडंच पडेल असं नाही. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ असेल तर बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि तापाची गोळी इथं काही कामाची नाही.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, 25 मे च्या आसपास लागतो, सगळे त्यालाच भितात आणि तो संपला की बिनधास्त होतात. पण मला विचाराल तर सायकलवाल्यासाठी जूनचा दुसरा आठवडा जास्त वाईट. पारा 39-40 वर उतरतो, ढग येतात, लोक म्हणतात गार झालं, आणि हवेत दमटपणा इतका वाढतो की आता घाम वाहतो पण उडत नाही, म्हणजे अंग थंडच होत नाही. ओल्या दुपट्ट्याचाही मग तेवढा उपयोग राहत नाही. त्या दिवसांत मी वेग निम्मा करतो, चढाला उतरून चालतो, आणि चांगला पाऊस होऊन हवा उतरेपर्यंत गावाभोवतीच फिरतो.